कलेजीची स्लाइड

श्यामलाने स्लाइड काढली, मऊ फडक्याने पुसली आणि पुन्हा भिंगाखाली लावली. पुसल्याने काय होणार होतं, कप्पाळ! गुलाबी होतं ते गुलाबीच राहिलं. एकूण एक पेशी पोटात तो रंग भरून बसली होती.

दाराबाहेरच्या बाकावर ज्या पोरीची ही स्लाइड होती ती पोरगी बसली होती. स्वप्नाली, वय एकोणीस, रोह्याची. तिच्या टाळूला सुपारीएवढी गाठ आली होती. रोह्याच्या डॉ. यज्ञेशनी गाठीचा तुकडा काढून पेणला श्यामलाच्या लॅबमध्ये पाठवला होता आणि रिपोर्ट घरपोच यायची वाट न बघता मायलेकी सकाळच्या गाडीने इथे येऊन थडकल्या होत्या. आईचं नाव सरू. मांडीवर पिशवी घेऊन ती अशी बसली होती की रिपोर्ट हातात पडल्याशिवाय उठायची नाही. पेशंटने लॅबमध्ये ठाण मांडायचं काही काम नसतं, पण हे तिला सांगणार कोण?

गाठीतल्या पेशी नेहमीच्या रंगात पांढऱ्या, पोकळ दिसल्या होत्या, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या. प्रश्न एवढाच होता की आत काय भरलंय. शरीर साठवून ठेवतं ती साखर असेल, तर गाठ साधी. तेवढी काढायची, दोन टाके घालायचे, विसरून जायचं. पण आत म्युसिन असेल, म्हणजे लाळेच्या ग्रंथी सोडतात तो चिकट, बुळबुळीत पदार्थ, तर मात्र तो लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर. मग गाठीबरोबर टाळूचं हाडही काढायचं. एकोणिसाव्या वर्षी टाळूला भोक. बोलायला गेलं की शब्द नाकात, प्यायला गेलं की पाणी नाकात.

आणि हे सगळं एका रंगावर अडलं होतं. हा गुलाबी रंग साखरेलाही लागतो आणि म्युसिनलाही. म्हणून एकाच गाठीच्या दोन स्लाइडी करतात. एक तशीच रंगवायची. दुसरीवर आधी माणसाची थुंकी घालून ती गरम पेटीत वीस-पंचवीस मिनिटं ठेवायची. थुंकी साखर खाऊन टाकते, म्युसिनपुढे तिचं काही चालत नाही. मग धुऊन रंग द्यायचा. थुंकीच्या स्लाइडवरचं गुलाबी गेलं, तर सुटलो. राहिलं, तर म्युसिन.

राहिलं होतं.

थुंकीऐवजी बाटलीतली पावडर मिळते, नाही असं नाही. पण श्यामलाचे वडील डॉ. माधवराव यांनी ही लॅब काढली तेव्हा पेणच्या उकाड्यात पावडर टिकायची नाही, थुंकी मात्र रोज ताजी, असं म्हणून जी पद्धत पाडली ती पडली. थुंकी वाळूची, लॅबमधल्या मदतनिसाची. वाळू कासू गावाच्या पलीकडच्या वाडीवरचा, तेव्हा खालच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. माधवराव एकदा जिन्यावरून उतरताना त्याचा हात बघत उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याला वर घेऊन आले. त्याला चौतीस वर्षं झाली. माधवरावांना जाऊन नऊ वर्षं झाली. तुकडे मेणात घालायचे, केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, हे सगळं अजून वाळूच करत होता.

माधवरावांनी त्याला दोन नियम घालून दिले होते. ज्या दिवशी थुंकीचा रंग करायचा त्या दिवशी तंबाखूला हात लावायचा नाही, कारण चुन्याने थुंकी बिघडते. आणि दर वेळी बोकडाच्या कलेजीच्याही स्लाइडी सोबत करायच्या, एक थुंकीशिवाय, एक थुंकीची. कलेजीत साखर ठासून भरलेली असते. थुंकीने कलेजीतली साखर खाल्ली, तर थुंकी चांगली; नाही खाल्ली, तर त्या दिवशीच्या कुठल्याच स्लाइडीवर भरवसा ठेवायचा नाही. वाळू वर्षातून एकदा बाजारातून कलेजीचा तुकडा आणायचा आणि मेणात घालून ठेवायचा. मटणवाला हसायचा, एवढ्याशाचं काय कालवण होणार म्हणून.

पहिली काही वर्षं श्यामला कलेजीची स्लाइड न चुकता बघायची. मग कधीतरी ते सुटलं. कलेजी एकदाही चुकली नव्हती.

पाणी प्यायला ती बाहेर आली, तशी सरू ताडकन उठली.

"म्याडम, झाला का वो?"

"थोडा वेळ लागेल."

"वाईट हाय का काय?"

"आई, गप ना गो," स्वप्नाली म्हणाली. ती बोलताना तोंडावर हात धरायची. मग तिनेच विचारलं, "मॅडम, मी धाटावला कंपनीत पॅकिंगला हाय. बुधवारपासून सेकंड शिफ्ट लागलीय. रजा टाकू का नको? आजच सांगायला लागतं."

"सांगते," श्यामला म्हणाली आणि पाणी न पिताच आत आली.

खिडकीखाली कारखाना रिकामा होता. गणपती उठून पंधरवडा झाला होता, पितृपक्ष चालू होता. फळ्यांवर नुसती पांढरी भुकटी उरली होती आणि एक कुत्रं तिच्यात लोळत होतं. हे दिवस तिला दरवर्षी खायला उठायचे. त्यात रोह्याहून आलेलं या महिन्यातलं हे दुसरं तोंड. पहिलं तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं. रघू नावाचा, पन्नाशी ओलांडलेला कुणीतरी, गालाच्या आतला तुकडा. त्याला ना थुंकी लागली ना गुलाबी रंग. नेहमीच्याच रंगात, बघताक्षणी कॅन्सर, तोही चांगला मुरलेला. तेव्हा भिंगावरचे डोळे न काढता ती चिडून म्हणाली होती, "इतके दिवस काय करत होता हा माणूस?" वाळू मागे बेसिनपाशी बरण्या धूत होता. तो काही बोलला नव्हता. तसाही तो हल्ली कमीच बोलायचा, आणि बोलला तरी तोंडात काहीतरी धरल्यासारखा.

तिने यज्ञेशना फोन लावला. ते तिच्याहून बरेच लहान, रोह्यात दवाखाना काढून चारच वर्षं झालेली.

"बोला मॅडम. काय निघालं?"

"म्युसिन आहे रे. थुंकीची स्लाइडसुद्धा गुलाबीच आहे."

"अरेरे." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "दुसऱ्या रंगाने एकदा बघून घेता येईल का?"

"म्युसिनचा निळा रंग संपलाय. मुंबईहून यायला चार दिवस."

"मग नको थांबायला. पनवेलचे सर्जन गुरुवारी मोकळे आहेत, त्यांची तारीख धरतो. रिपोर्ट आजच पाठवाल ना?"

"पाठवते."

फोन ठेवून ती कॉम्प्युटरसमोर बसली. नाव टाकलं, वय टाकलं. वयापाशी तिची बोटं थांबली. उर्वी, तिची धाकटी मुलगी, हिच्याच वयाची. कालच तिने फोनवर अर्धा तास कटकट केली होती, होस्टेलच्या जेवणात मीठ नसतं म्हणून. श्यामलाने चष्मा काढला, परत घातला आणि पुढचा शब्द टाइप केला.

वाळू कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलंच नाही. त्याने हातातल्या दोन स्लाइडी कीबोर्डवर, अगदी तिच्या बोटांपाशी ठेवल्या.

"ताई, कलेजीची बघितली नाय तुमी."

"त्यात काय बघायचंय?"

"बघा."

"वाळूदादा, बाहेर त्या दोघी बसल्यात. मला हे आधी—"

"बघा म्हणतो ना."

एवढ्या वर्षांत तो तिच्याशी या आवाजात बोलला नव्हता. तिने निमूटपणे स्लाइड उचलली आणि भिंगाखाली सरकवली.

कलेजी गुलाबी होती. थुंकी घातलेली कलेजी, जिच्यात रंगाचा टिपूससुद्धा राहायला नको, ती न घातलेल्या कलेजीइतकीच गुलाबी होती. श्यामलाने दोन्ही आलटून पालटून लावल्या. सारख्या. जुळ्या.

थुंकी चाललीच नव्हती. म्हणजे पोरीच्या गाठीत साखर असो नाहीतर म्युसिन असो, स्लाइड गुलाबीच दिसणार होती. म्हणजे या स्लाइडवरून काहीच म्हणता येत नव्हतं. आणि ती तर म्हणून बसली होती. गुरुवारची तारीख घेऊन बसली होती.

"काय केलंस तू?" तिचा आवाज चढला. "तंबाखू मळून बसला होतास?"

"नाय. दीड महिना झाला सोडून. तुमीच शाबासकी दिलीत."

खरं होतं ते. तिने त्याच्या पाठीवर थाप मारली होती आणि म्हणाली होती, देव पावला.

"मग थुंकी बिघडेल कशी? चौतीस वर्षांत बिघडली नाही ती?"

वाळूने पोरीच्या गाठीचा मेणाचा ठोकळा उचलला. मग म्हणाला, "आधी परत करू. मी काप काढतो. थुंकी तुमची घ्या."

"माझी?"

"माझी चालायची नाय आता."

तिला आणखी बोलायचं होतं, चांगलं खडसावायचं होतं. पण बाहेर बाकावर ती पोरगी बसली होती. वाळू यंत्रापाशी जाऊन बसलासुद्धा. त्याचा हात मात्र तोच होता. मेणाचे काप एकामागून एक सुटत होते, तो ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडत होता.

श्यामला काचेची बशी घेऊन बेसिनपाशी गेली. थुंकायचं म्हटल्यावर थुंकी येते होय! तिने चिंच आठवून बघितली. मग पाठ वळवून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून थुंकली. स्वतःचीच किळस आली तिला. ही बशी वाळूने किती वेळा भरली असेल? तिने कधी बघितलंही नव्हतं. थुंकी वाळूची आणि खाली सही तिची, इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

वाळूने बशीतले थेंब स्लाइडींवर घातले, एक पोरीच्या, एक कलेजीच्या, आणि त्या गरम पेटीत ठेवल्या. मग दोघं बसून राहिली. वाळूचा डबा खिडकीत तसाच होता, झाकणही उघडलेलं नव्हतं. दुपारचे दोन वाजून गेले होते.

"या महिन्यात थुंकीचं दुसरं काही केलंस?" तिने विचारलं.

"नाय. हीच एक."

"नक्की?"

"आईशप्पथ."

पेटीतून काढलेल्या स्लाइडी त्याने धुतल्या, रंगाच्या बरण्यांतून एकेक करून नेल्या, नळाखाली धरल्या. श्यामला घड्याळ बघत नव्हती, नळाचं पाणी बघत होती. आधी गुलाबी, मग फिकट, मग स्वच्छ. बाहेरून सरूच्या खोकण्याचा आवाज आला.

तिने आधी कलेजी लावली. चुकीला आता जागा नव्हती.

कलेजी फिकट पडली होती. गुलाबी कुठेच नव्हतं.

मग तिने पोरीची स्लाइड लावली. एक कोपरा बघितला, दुसरा बघितला. सावकाश, उभी-आडवी, सगळी बघितली. मघाच्या पेशी जागच्या जागी होत्या, पोटं रिकामी करून बसल्या होत्या. एकीतही रंगाचा कण नव्हता. साखर होती. सगळी साखर होती, आणि खाल्ली गेली होती.

श्यामला रडली. आवाज न करता, भिंगावरच डोळे ठेवून रडली, कारण डोळे उचलले असते तर वाळूला दिसलं असतं. मग तिने नाक पुसलं आणि यज्ञेशना फोन लावला.

"थांब. तारीख सोड. माझी चूक झाली."

"म्हणजे?"

"म्युसिन नाही. थुंकीच चालली नव्हती आणि मी कलेजीची स्लाइड न बघता बोलले. गाठ साधी दिसतेय. निळा रंग आला की त्यानेही बघते, एक तुकडा मुंबईलाही पाठवते. पण तोवर तिच्या हाडाला हात लावायचा नाही."

"मॅडम, मी अजून घरच्यांना काही सांगितलं नव्हतं," यज्ञेश म्हणाले. "देवाची कृपा."

देवाची कसली? तिने फोन ठेवला आणि बाहेर गेली. सरू उभी राहिली. पोरगी बसूनच राहिली, हात तोंडावर.

"रजा टाकू नकोस," श्यामला म्हणाली.

पोरीला कळायला वेळ लागला. सरूला लागला नाही. ती मटकन खाली बसली आणि तिथेच, फरशीवर, पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. "अगो आई गो," एवढंच म्हणत राहिली. मग उठली, पिशवीत हात घातला आणि दोन तवसं बाहेर काढली, घरच्या वेलीची, चांगली हातभर लांब.

"आणि काय देऊ वो तुमाला? घ्या. एक त्या दादांना द्या. मघापासून बिचारे धा वेळा दारात येऊन पोरीकडं बघून गेले."

चार वाजताची गाडी धरायला मायलेकी निघून गेल्या. जिना उतरताना पोरगी कशालातरी हसली, ते वरपर्यंत ऐकू आलं.

श्यामलाने तवसं चिरलं, मीठ लावलं आणि बशी वाळूसमोर ठेवली. राग ओसरला होता. आता तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

"खा. सकाळपासून उपाशी आहेस."

वाळूने एक फोड उचलली. ती बोटांत धरून तो बसला. एकदा ओठांपर्यंत नेली, परत खाली आणली.

"खा ना रे."

"जात नाय, ताई. तोंड उघडत नाय."

श्यामला खिडकीपाशी गेली आणि त्याच्या डब्याचं झाकण काढलं. आत पेज होती, नुसती पातळ पेज, भाताचं शीतसुद्धा कुस्करलेलं. तिने मोबाइलची बॅटरी लावली.

"इकडे ये. उजेडात ये. आ कर."

तो आला. त्याने आ केला, म्हणजे करायचा प्रयत्न केला. दोन बोटं जायची नाहीत एवढीच फट पडली. डाव्या गालाच्या आत पांढरं-लाल, खरबरीत काहीतरी दाढांच्या मागे पसरत गेलं होतं. त्याच्या कडेला टाक्याचा काळा दोरा लोंबत होता.

तिने बॅटरी विझवली नाही. हात खाली आला आणि उजेड फरशीवर पडून राहिला.

"तुकडा काढलाय कुणीतरी."

"रोह्याला. यज्ञेश डॉक्टरांनी. ते मला फोनवरच वळखतात, तोंडानं नाय." त्याने रुमालाने ओठांची कड पुसली. "पेणला दाखवलं असतं तर तुमाला लगेच कळलं असतं."

"मग तो तुकडा कुठे—" ती बोलता बोलता थांबली.

"इथंच आला ना. मीच मेणात घातला. मीच कापला, मीच रंगवला. रघूच्या नावानं दिला व्हता. रघू माझा भाऊ. तो दोन वर्सांपूर्वी गेला, त्याला काय फरक पडतोय."

खाली कारखान्यात कुणीतरी फळ्या एकावर एक रचत होतं. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. श्यामलाला तो रिपोर्ट आठवला. चार ओळींचा. खाली तिची सही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी दुसऱ्या दिवशी परळला टाटात नेलं असतं."

"नेलंच असतं! मग? न्यायला नको? तीन आठवडे गेले, वाळूदादा. तुला कळत नाही तीन आठवडे म्हणजे काय?"

"मला कळत नाय?" तो पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून बोलला. "कापलेले जबडे बादलीतून येतात ना, ताई. बादलीतून उचलून तुमच्या टेबलावर कोण ठेवतो? पाणी कोण बदलतो? मला भ्या वाटतंय. दुसरं काय नाय. भ्या वाटतंय."

श्यामलाने खुर्ची ओढली आणि त्याच्या जवळ सरकवली, पण बसली नाही.

"थुंकी येतच नाय," तो म्हणाला. "आली तर रक्ताची. आज त्या स्लाइडींवर गुळणीच्या औषधाचं पाणी घातलं. दोन थेंब. पोरीच्याबी आणि कलेजीच्याबी. म्हटलं काय व्हतंय, तुमी कलेजी कुठं बघता. आपल्याकडं कागदावर नंबर येतो, माणूस थोडीच येतंय. आणि मंग ती येऊन बाकावर बसली. तोंडावर हात धरून. मी पन तसाच धरतो हात."

"उद्या सकाळी निघायचं," श्यामला म्हणाली. "मी येते बरोबर. मी आत येते, तू ऐकतोयस ना? अगदी आतपर्यंत येते."

त्याने मान हलवली. ती हो होती की नाही ते तिला कळलं नाही. तो उठला आणि टेबल आवरायला लागला. पोरीच्या स्लाइडी त्याने पुठ्ठ्याच्या घडीत नीट लावल्या, वर नंबर लिहिला. कलेजीच्या दोन्ही त्याच घडीत, शेवटी.

"त्या दिवशी तुमी इचारलंत," तो पाठमोराच म्हणाला. "रघूची स्लाइड बघताना."

"काय विचारलं मी?" पण विचारता विचारताच तिला आठवलं होतं. तिला वाटलं, त्याने ते म्हणू नये.

"इतके दिवस काय करत होता हा माणूस, म्हणालात."

"वाळूदादा—"

"तुमच्या स्लाइडी रंगवत होतो, ताई."

हे म्हणताना तो चिडलेला नव्हता. विचारलेल्या गोष्टीचं राहून गेलेलं उत्तर द्यावं, तसं त्याने ते दिलं. मग टेबलावरची काचेची बशी उचलली. तिच्या तळाला श्यामलाची थुंकी सुकत आली होती. नेहमीसारखी ती धुवायला तो बेसिनकडे निघाला. श्यामलाने पुढे होऊन बशी त्याच्या हातातून काढून घेतली आणि नळ सोडला.